मागच्या सीटवरचा अभ्यास

सहामाही परीक्षेच्या दिवसांत आमच्या जिन्यात एक संवाद हमखास ऐकू येतो. वरच्या मजल्यावरचा नववीतला मुलगा विज्ञानाचा पेपर देऊन आलेला असतो आणि आई दारातच उभी असते.

"कसा गेला?"

"सगळं वाचलं होतं गं. पण पेपर हातात घेतला आणि आठवेचना."

"रात्री बारापर्यंत पुस्तक घेऊन बसला होतास ना?"

"मग! 'गतीचे नियम' तीनदा वाचला. वाचताना सगळं कळत होतं."

आईला वाटतं, पोरगं थापा मारतंय. ते खरं बोलतंय. तीनदा वाचलं हे खरं, वाचताना कळत होतं हेही खरं, आणि आठवलं नाही हे तर मार्कांवरून दिसतंच. या तिन्ही गोष्टी एकाच डोक्यात एकाच वेळी कशा राहतात, हा प्रश्न शिकण्यावर संशोधन करणाऱ्यांनी शंभराहून जास्त वर्षं धरून ठेवला आहे. गेल्या वीसेक वर्षांत त्याची बरीच स्पष्ट उत्तरं मिळाली. आता मुलांच्या हातात उत्तरं देणारा एआय आल्यामुळे तीच उत्तरं पुन्हा चर्चेत आली आहेत, म्हणून हा लेख.

स्कूटरवर मागे बसून रस्ता पाठ होत नाही

समजा, तुमची मुलगी दोन वर्षं रोज तुमच्या स्कूटरवर मागे बसून नाशिकच्या सिडकोतून कॉलेज रोडच्या क्लासला जाते आहे. मायको सर्कल आलं की तिला ते ओळखू येतं. पुढचं वळण आलं की "हो, इथूनच" असं तिच्या मनात येतं. रस्ता पाठ आहे का विचारलंत तर ती छातीठोकपणे हो म्हणेल. मग एके दिवशी तुम्ही म्हणता, आज मला जमणार नाही, सायकल घेऊन तूच जा. आणि ती पहिल्याच मोठ्या चौकात पाय टेकवून उभी राहते. डावीकडे की सरळ?

दोन वर्षांत तिने हा रस्ता शेकडो वेळा ओळखला होता, पण एकदाही आठवला नव्हता. समोर आलेल्या गोष्टीला मान डोलावणं म्हणजे ओळखणं. समोर काहीच नसताना ती गोष्ट डोक्यातून बाहेर काढणं म्हणजे आठवणं. उघड्या पुस्तकासमोरचा अभ्यास बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा असतो आणि पेपरात मागणी असते दुसऱ्या प्रकाराची.

यातला खरा घोटाळा पुढे आहे. तोच धडा तिसऱ्यांदा वाचताना डोळे सरसर धावतात, कुठे अडखळायला होत नाही. ते सरसर धावणं म्हणजेच 'मला येतंय' असा मनाचा समज होतो. पिवळ्या, गुलाबी, हिरव्या हायलायटरने रंगवलेलं पान तर आणखीच ओळखीचं वाटतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धती घेतल्या आणि तोवरचं संशोधन ताडून त्यांची प्रतवारी लावली. पुन्हापुन्हा वाचणं आणि ओळी अधोरेखित करणं या दोन्ही पद्धती तळाच्या गटात गेल्या. वरच्या गटात दोनच राहिल्या: स्वतःची चाचणी घेणं आणि उजळणीत अंतर ठेवणं. मुलांना आणि पालकांना सगळ्यात प्रिय असलेल्या पद्धती तळाला आहेत, हे वाचून मला माझी स्वतःची रंगीत पुस्तकं आठवली. पुस्तकं चांगली रंगली होती एवढं खरं.

अर्थहीन अक्षरं पाठ करणारा माणूस

विसरण्याचं मोजमाप पहिल्यांदा केलं हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने. त्याचं पुस्तक १८८५ चं. प्रयोग करणारा तो आणि ज्याच्यावर प्रयोग झाला तोही तोच. कशाचाही अर्थ लागू नये म्हणून त्याने निरर्थक अक्षरजोड्यांच्या याद्या तयार केल्या, त्या पाठ केल्या, आणि काही वेळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम पडतात ते मोजलं. वीस मिनिटांनंतर श्रमाची बचत ५८ टक्के होती. दुसऱ्या दिवशी ती ३४ टक्क्यांवर आली आणि महिन्याने २१ टक्क्यांवर.

म्हणजे घसरण सुरुवातीला जोरात होते आणि पुढे मंदावते. 'गतीचे नियम' हा धडा निरर्थक अक्षरांचा नाही, त्यामुळे आकडे तसेच्या तसे लागू होत नाहीत, पण उताराचा आकार तोच राहतो. विसरणं हा मुलाचा दोष नाही, डोक्याचं रोजचं काम आहे. काल दुपारी भाजीवाल्याने किती सुटे परत दिले हे आयुष्यभर लक्षात राहिलं असतं तर जगणं कठीण झालं असतं.

मिटलेलं पुस्तक

आता या विषयातला एक गाजलेला प्रयोग. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी तो केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना विज्ञानाचे छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार बैठकांमध्ये पुन्हापुन्हा वाचला, सरासरी चौदा वेळा. दुसऱ्या गटाने तो एकाच बैठकीत तीन-साडेतीन वेळा वाचला. उरलेल्या तीन बैठकांत उतारा काढून घेतला, कोरा कागद दिला आणि आठवेल ते लिहायला सांगितलं.

पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता: त्यांना ८३ टक्के आठवलं, दुसऱ्या गटाला ७१ टक्के. इथे थांबलो असतो तर वाचन जिंकलं असंच म्हणावं लागलं असतं. पण काही विद्यार्थ्यांची चाचणी आठवड्याने घेतली होती. तिथे चौदा वेळा वाचणारे ४० टक्क्यांवर आले होते, आणि कोऱ्या कागदाशी झटापट करणारे ६१ टक्क्यांवर टिकून होते.

या प्रयोगातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मार्कांची नाहीच. आठवड्याने आपल्याला किती आठवेल, असा अंदाज विद्यार्थ्यांना आधीच विचारला होता. सगळ्यात जास्त आत्मविश्वास वाचणाऱ्या गटाला होता.

कोऱ्या कागदावर, किंवा मनातल्या मनात, किंवा कुणाला सांगताना, पुस्तक न बघता आठवून काढण्याच्या या कामाला आपण 'स्मरण-सराव' म्हणू. आठवून बघितल्याने आपल्याला किती येतं ते कळतं, हे तर आहेच. पण संशोधकांचा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. आठवून काढण्याच्या क्रियेनेच ती आठवण पक्की होते. गवतातून चालत गेलं की पायवाट उमटते, गवताकडे बघत उभं राहून उमटत नाही, तसं.

डाळिंबाच्या बागेला ताण

यामागचं तत्त्व आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला शहरी वाचकापेक्षा लवकर पटेल. कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागात, डाळिंबाचा बहार धरण्याआधी बागेला ताण देतात. पाणी तोडतात. झाड मलूल दिसायला लागतं, पानं पिवळी पडतात, गळतात. माहीत नसलेल्या पाहुण्याला वाटेल, बाग गेली. पण या ताणातूनच पुढे फूल लागतं. रोज भरपूर पाणी दिलं तर झाड पाल्याने हिरवंगार राहतं आणि बहार धड येत नाही.

रॉबर्ट बियोर्क या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये शिकण्याबाबत याच धर्तीची कल्पना मांडली. काही अडचणी अशा असतात की त्यांच्यामुळे शिकताना वेग मंदावतो, चुका वाढतात, आणि तरीही शिकलेलं जास्त टिकतं. त्यांना आपण हितकारक अडचणी म्हणू. कोरा कागद ही त्यातली एक.

यात गोम अशी की अडचण चालू असताना ती हितकारक वाटत नाही. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या पहिल्या पायरीच्या वर्गांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. काही विद्यार्थ्यांना गुळगुळीत, ओघवतं व्याख्यान ऐकवलं. बाकीच्यांना तोच भाग आधी स्वतः गणितं सोडवायला लावून शिकवला. दुसऱ्या गटाने चाचणीत जास्त गुण मिळवले. पण आपण जास्त शिकलो असं पहिल्या गटाला वाटत होतं. 'काय शिकवतात हो सर, ऐकतच राहावंसं वाटतं' हे आपल्याकडचं क्लासबद्दलचं मोठ्यातलं मोठं प्रशस्तिपत्रक. आता ते ऐकलं की मला थोडी शंका येते.

पण ताणाचंही प्रमाण असतं, हे शेतकरी आधी सांगेल. हलक्या जमिनीत ताण कमी दिवसांचा, भारी काळ्या जमिनीत जास्त. कालच लावलेल्या रोपाचं पाणी कुणी तोडत नाही. शिकण्याचंही तसंच आहे. ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की विषय अगदी नवा असताना मुलांना प्रश्नांच्या पाण्यात ढकलण्यापेक्षा पायऱ्यांसह सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासायला देणं जास्त उपयोगी पडतं. कारण एका वेळी डोक्यात धरून ठेवण्याची जागा फार थोडी असते, लहान ओट्यासारखी. त्यावर चार भांडी मावतात. पाचवं ठेवायला गेलं की एखादं खाली पडतं. नवख्याला सगळंच नवीन असल्यामुळे ओटा लगेच भरतो. म्हणून आधी समजावून द्यायचं, उदाहरण करून दाखवायचं, आणि रोप रुजलं की मग पुस्तक मिटायचं. हा क्रम उलटा करणारी शाळाही चुकते आणि पुस्तक कधी मिटतच नाही असा क्लासही चुकतो.

उजळणीची तारीख

सगळी उजळणी परीक्षेच्या आदल्या रात्री करण्याने दुसऱ्या दिवशीचा पेपर निघूनही जातो. नंतर ती कुठे जाते, ते एबिंगहाउसच्या उतारावर दिसलंच. तेवढाच वेळ तुकडे करून दिवसांच्या अंतराने दिला, तर टिकाऊपणा वाढतो.

किती अंतराने? निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी तेराशेहून जास्त लोकांवर केलेला मोठा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर असं निघालं की परीक्षा किती लांब आहे त्यावर ते ठरतं. पहिल्या शिकण्यानंतर किती दिवसांनी उजळणी केली की फायदा जास्त होतो, हे त्यांनी तपासलं. उजळणीनंतर चाचणी आठवड्याने असेल तर एक दिवसाचं अंतर चांगलं ठरलं. चाचणी ३५ दिवसांनी असेल तर ११ दिवसांचं, आणि चाचणी ७० दिवसांनी किंवा वर्षभराने असेल तर साधारण तीन आठवड्यांचं.

दहावीच्या मुलासाठी याचा अर्थ साधा आहे. जूनमध्ये झालेला धडा जुलैत एकदा मिटल्या पुस्तकाने आठवून बघायचा, दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा, पूर्वपरीक्षेच्या आधी पुन्हा. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरतात. थोडं विसरायला झालेलं असणं इथे फायद्याचंच, कारण थोडं विसरल्याशिवाय आठवायला जोर लागत नाही.

सरावसंच आणि संकीर्ण

गणिताच्या बाबतीत एक वेगळीच गंमत आहे. बालभारतीच्या पुस्तकात सरावसंच असतात आणि संकीर्ण प्रश्नसंग्रहही असतो. पायथागोरसच्या सरावसंचात बसलेल्या मुलाला काय करायचं हे आधीच माहीत असतं: पायथागोरसच लावायचा. उदाहरण वाचण्याचीही गरज नाही, दोन आकडे उचलायचे आणि सूत्रात घालायचे. सलग दहा बरोबर येतात आणि घरात आनंद होतो. पण पेपरात प्रश्नाच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव लिहिलेलं नसतं. कोणतं सूत्र लावायचं ते ओळखणं हे निम्मं काम, आणि त्याचा सराव मुलाने केलेलाच नसतो.

डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये हे मोजलं. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाला एकेका आकृतीची उदाहरणं सलग दिली, दुसऱ्याला सगळी मिसळून. सराव करताना सलगवाल्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली आणि मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली: सलगवाले २० टक्क्यांवर, मिसळवाले ६३ वर.

हा प्रयोगशाळेतला खेळ म्हणून सोडून देता आला असता. म्हणून रोरर आणि सहकाऱ्यांनी पुढे फ्लोरिडातल्या सातवीच्या ५४ वर्गांत, ७८७ मुलांवर, नेहमीच्या शिक्षकांकडून आणि नेहमीच्या गृहपाठातूनच तो करून घेतला. निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सराव संपल्यावर महिन्याने, न सांगता घेतलेल्या चाचणीत मिसळून सराव केलेल्या वर्गांना ६१ टक्के आणि सलग सराव केलेल्यांना ३८ टक्के पडले. ज्या नाशिकमध्ये मिसळीवर इतकं प्रेम आहे तिथे ही गोष्ट समजावायला अवघड जाऊ नये. घास घेताना मटकी, फरसाण, कांदा सगळं एकत्र तोंडात येतं आणि जिभेला काय काय आहे ते ओळखावं लागतं.

"म्हणजे पुन्हा घोकंपट्टीच ना?"

ही सगळ्यात पहिली आणि रास्त शंका. गेली कित्येक वर्षं आपल्याला सांगितलं गेलं की पाठांतर वाईट आणि समजून घेणं चांगलं. आता हे संशोधक पुन्हा आठवण, आठवण म्हणताहेत.

घोकंपट्टी म्हणजे एकच ओळ, त्याच क्रमाने, अर्थाकडे न बघता, पुस्तकात डोकं घालून पुटपुटत राहणं. स्मरण-सरावात पुस्तक मिटलेलं असतं आणि आठवलेलं आपल्या शब्दांत मांडायचं असतं. फरक पाढ्यात चांगला दिसतो. सातचा पाढा एका सुरात म्हणणारा मुलगा 'सात नवे किती?' म्हटल्यावर 'सात एके सात'पासून सुरुवात करतो. त्याच्याकडे पाढा नाही, चाल आहे. असे सुटे प्रश्न उलटसुलट विचारत गेलं की चालीचा पाढा होतो.

आणि जुनं सगळंच वाईट होतं असंही नाही. दिवेलागणीला म्हटला जाणारा परवचा काय होता? पुस्तकाशिवाय, रोज ठरावीक वेळी, आजोबांच्या कानासमोर. चूक झाली की तिथल्या तिथे दुरुस्ती. पावकी-निमकीचा काळ गेला, पण ही रचना आजचा संशोधक बघेल तर मान डोलावेल. त्र्यंबकेश्वरातल्या वेदपाठशाळांमध्ये संथा देण्याच्या पद्धतीत क्रम, जटा, घन असे पाठ असतात. त्यांत शब्द मागेपुढे करून, उलटसुलट गुंफून म्हणावे लागतात, म्हणजे नुसत्या चालीवर वाहून जाण्याची सोयच ठेवलेली नाही. तिथला हेतू उच्चार आणि क्रम अचूक राखण्याचा आहे, अर्थ हा वेगळा अभ्यास. तेव्हा 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' असा गजर करायचं कारण नाही. पण आठवण कशी टिकते, हे त्या लोकांना ठाऊक होतं.

समज आणि स्मरण यांत भांडणही नाही. वेग आणि त्वरण यांतला फरक ज्याला आठवत नाही त्याने न्यूटनच्या दुसऱ्या नियमावर विचार करायचा तो कशाच्या आधारावर?

"परीक्षा आधीच काय कमी आहेत?"

घटक चाचणी, सहामाही, क्लासची टेस्ट सिरीज, शिष्यवृत्ती. शिवाय महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. नापास झालं तर फेरपरीक्षा, आणि तीही गेली तर त्याच वर्गात. अशा मुलांना आणखी चाचण्या?

इथे 'चाचणी' हा शब्दच घात करतो. मोजण्यासाठीची चाचणी वेगळी आणि शिकण्यासाठीची वेगळी. दुसरीला मार्क नसतात, क्रमांक नसतो, प्रगतिपुस्तकात नोंद नसते. तास सुरू होताना बाईंनी म्हणायचं, "मागच्या आठवड्यात काय झालं होतं ते वह्या न उघडता दोन मिनिटांत लिहा, मग शेजारच्याशी पडताळून बघा." एवढंच. पडताळणं मात्र सोडायचं नाही, कारण चुकीचं आठवलेलं दुरुस्त केलं नाही तर तेच पक्कं होऊन बसण्याचा धोका असतो. साठ मुलांचा वर्ग असला तरी यात शिक्षकांना साठ वह्या तपासाव्या लागत नाहीत.

भीतीचं काय? अमेरिकेत पूजा अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी अशा पद्धतीने शिकलेल्या माध्यमिक शाळांमधल्या १,४०८ विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ७२ टक्के मुलांनी परीक्षेची धास्ती कमी झाली असं सांगितलं. हे मुलांचं स्वतःचं म्हणणं आहे, आणि वाटणं फसवं असतं हे मी वरच लिहून बसलो आहे. तेवढं लक्षात ठेवूनच हा आकडा घ्या.

"आमचा मुलगा बघून शिकणारा आहे"

कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी हाताने करून, आणि ज्याला त्याला त्याच पद्धतीने शिकवावं, ही समजूत इतकी पसरली आहे की शिक्षकांच्या प्रशिक्षणातही ती आढळते. हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरचे उपलब्ध पुरावे तपासले आणि अशा जुळणीने शिकणं सुधारतं असं म्हणायला पुरेसा आधार सापडला नाही. आवड असते हो. नकाशा हा बघूनच शिकायचा आणि कविता ऐकूनच, हे मात्र मुलावर अवलंबून नाही, विषयावर आहे.

"हे सगळं अमेरिकेतल्या पोरांवर केलेलं आहे"

ही शंका मला सगळ्यात वजनदार वाटते. वरचे बरेच प्रयोग श्रीमंत देशांतले आहेत, त्यातलेही पुष्कळ विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचे. आठवणीचं यंत्र माणसागणिक फार बदलत नाही, म्हणून मूळ तत्त्व टिकेल असं मानायला जागा आहे. पण वर्ग बदलतो.

सुरगाणा-पेठकडच्या पाड्यावर घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारं मूल पहिलीत प्रमाण मराठी पुस्तकासमोर बसतं. तिथे पहिला प्रश्न 'आठवतं का' हा नसून 'कळलं का' हा आहे. न कळलेलं कोऱ्या कागदावर आठवायला लावणं म्हणजे रोपाचं पाणी तोडणं. तिथे घरच्या भाषेचा पूल आधी बांधावा लागतो, स्मरण-सराव त्यानंतर.

आपल्याच देशातला एक ताजा अभ्यास इथे सांगायलाच हवा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचं गणित तपासलं. निबंध २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. ही मुलं गिऱ्हाइकाला आठशे ग्रॅम अमुक आणि दीड किलो तमुकचा हिशोब तोंडी करून बरोबर सुटे परत देत होती. तशीच आकडेमोड शाळेतल्या मांडणीत कागदावर दिली की बहुतेकांची गाडी अडत होती. उलट, बाजारात काम न केलेली शाळकरी मुलं कागदावरची गणितं बरी करत होती, पण बाजारातल्या हिशोबात अडखळत होती. आपल्या भद्रकालीच्या बाजारात सकाळी कोथिंबिरीच्या जुड्या विकणाऱ्या पोराला आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळे पहिला भाग नवा वाटणार नाही. दुसरा भाग मात्र शाळेने मनावर घेण्यासारखा आहे. शिकलेलं ज्ञान ज्या वेशात शिकलो त्या वेशाला चिकटून बसतं. ते सुटं करायचं तर एकच गोष्ट वेगवेगळ्या वेशांत वापरायला लावावी लागते.

आणि आता मोबाइलमधला सर्वज्ञ

नववीतल्या त्याच मुलाने मला मध्यंतरी दाखवलं. गणिताचा फोटो काढायचा, एआयला द्यायचा, पायऱ्यांसह उत्तर हजर. "आणि समजावून पण सांगतं काका, सरांपेक्षा शांतपणे." ते खरंही आहे.

तुर्कस्तानात हमसा बस्तानी आणि सहकाऱ्यांनी सुमारे हजार शालेय विद्यार्थ्यांवर गणिताच्या तासांना याचा प्रयोग केला. निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही मुलांना सराव करताना साधा चॅट-एआय दिला. काहींना शिक्षकांच्या सूचना घालून बांधलेला एआय दिला, जो थेट उत्तर न देता इशारे देत असे. बाकीच्यांना नेहमीप्रमाणे पुस्तक आणि वही. सरावात साध्या एआयवाल्यांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली आणि इशारेवाल्यांची १२७ टक्क्यांनी. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली. साध्या एआयवाली मुलं कधीच एआय न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्के मागे पडली. इशारेवाल्यांचं नुकसान जवळपास झालं नाही, पण सरावातला तो मोठा फायदाही परीक्षेत उतरला नाही. आणि साध्या एआयवाल्या मुलांना आपण कमी शिकलो असं वाटलंच नव्हतं.

हा एकच प्रयोग आहे, एका देशातला, एका विषयातला. त्यावरून एआयवर बंदी घाला असं कुणी म्हणू नये, आणि शिकवणारा माणूस आता लागणार नाही असंही कुणी म्हणू नये. पण हे सगळं आपल्याला ओळखीचं वाटतं ना? ही स्कूटर फार वेगवान आहे आणि चालवणारा कधीच दमत नाही. मूल मात्र मागच्याच सीटवर बसलेलं आहे.

तेच यंत्र उलट बाजूने वापरता येतं. मी त्या मुलाला सुचवलं की आधी धडा वाच, पुस्तक मीट, आठवेल ते पाठकोऱ्या कागदावर लिही. मग एआयला सांग, 'उत्तर देऊ नकोस, या धड्यावर मला एकेक प्रश्न विचार, आणि चुकलो की फक्त कुठे चुकलो ते सांग.' त्याने तोंड वाकडं केलं. कंटाळवाणं आहे म्हणाला. पण घेतलं करून.

चार दिवसांनी त्याची आई जिन्यात भेटली. चिंतेत होती.

"भाऊजी, तुम्ही काय सांगितलंत त्याला? पूर्वी निदान पुस्तक उघडून तरी बसायचा. आता पुस्तक मिटून छताकडे बघत बसतो नुसता. विचारलं तर म्हणतो, अभ्यास चालू आहे."

"वहिनी," मी म्हटलं, "पाच-दहा मिनिटं बसू द्या त्याला तसंच. मग कागद बघा."